पुणे वॉरियर्स इंडियाचा २०१२ चा हंगाम

पुणे वॉरियर्स इंडिया हा इंडियन प्रीमियर लीगमधील (आयपीएल) पुण्याचा पहिला व्यावसायिक क्रिकेट संघ होता. २०१२ चा हंगाम हा या संघाचा दुसरा हंगाम. सौरव गांगुलीच्या नेतृत्वाखाली संघाने या हंगामात साखळीतील १६ सामने खेळले. त्यांपैकी ४ जिंकले, १२ गमावले आणि ८ गुणांसह नऊ संघांच्या गुणतक्त्यात तो तळाला राहिला. पहिल्या सात सामन्यांत चार विजय मिळविणाऱ्या या संघाला नंतरच्या नऊ सामन्यांत एकदाही विजय मिळाला नाही. मैदानाबाहेरही हा काळ अस्वस्थतेचा होता. मुख्य खेळाडू युवराज सिंग कर्करोगावर उपचार घेत होता, आणि संघाची मालकी असलेल्या सहारा समूहाने हंगामापूर्वी दोन महिने स्पर्धेतूनच अंग काढून घेण्याची घोषणा केली होती.

पार्श्वभूमी

आयपीएल २००८ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. पुढे स्पर्धेचा विस्तार करण्याचे ठरले आणि २१ मार्च २०१० रोजी चेन्नई येथे दोन नव्या संघांसाठीच्या निविदा उघडण्यात आल्या. सहारा अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्सने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरना, म्हणजे त्यावेळच्या दराने सुमारे १,७०२ कोटी रुपयांना घेतला. तोवर आयपीएलमधील कोणत्याही संघासाठी एवढी रक्कम मोजली गेली नव्हती. दुसरा नवा संघ कोचीचा होता.

या किमतीमागे सामन्यांच्या संख्येचा एक हिशेब होता. दहा संघांनी एकमेकांशी दोन-दोन सामने खेळायचे तर साखळीचे ९० आणि बाद फेरीचे ४ असे ९४ सामने होतात. सहाराच्या म्हणण्यानुसार निविदेची रक्कम ही संख्या गृहीत धरून भरली होती. प्रत्यक्षात २०११ मध्ये संघांची दोन गटांत विभागणी झाली, प्रत्येक संघाच्या वाट्याला १४ सामने आले आणि एकूण सामने ७४ भरले. प्रत्येक संघाचे घरचे सामने नवावरून सातावर आले. तिकीटविक्री, प्रक्षेपण हक्कांतील वाटा आणि जाहिराती हे सारे उत्पन्न सामन्यांवर अवलंबून असल्याने संघशुल्क त्या प्रमाणात कमी करावे, अशी सहाराची मागणी होती. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ती मान्य केली नाही. पुढच्या तीन वर्षांतील प्रत्येक भांडणाचे मूळ या न जुळलेल्या हिशेबात सापडते.

२०११ च्या पहिल्या हंगामात युवराज सिंग कर्णधार होता. गहुंजे येथील मैदान तयार नसल्याने घरचे सामने नवी मुंबईच्या डॉ. डी. वाय. पाटील मैदानावर खेळवावे लागले. पुण्याचे नाव लावणारा संघ वर्षभर पुण्यात खेळलाच नाही. ४ विजय, ९ पराभव आणि पावसामुळे वाया गेलेला एक सामना अशा कामगिरीसह तो दहा संघांत नववा आला. त्या वर्षीच्या लिलावात सौरव गांगुलीवर कोणत्याही संघाने बोली लावली नव्हती. हंगामाच्या मध्यात जायबंदी आशिष नेहराच्या जागी पुण्याने त्याला बोलावून घेतले.

युवराज सिंगचे आजारपण

२०११ च्या एप्रिलमध्ये भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा युवराज त्या स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला होता. वर्षभराच्या आतच त्याच्या दोन फुप्फुसांमधील भागात कर्करोगाची गाठ असल्याचे निदान झाले आणि फेब्रुवारी २०१२ च्या आरंभी ही बातमी सर्वतोमुखी झाली. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे केमोथेरपीचे उपचार घेऊन तो ९ एप्रिल २०१२ रोजी मायदेशी परतला. तोपर्यंत हंगाम सुरू झालेला होता आणि त्या वर्षी त्याने खेळण्याचा प्रश्नच नव्हता.

संघाचे यात दुहेरी नुकसान झाले. मधल्या फळीतील सर्वांत आक्रमक फलंदाज, कामचलाऊ फिरकी गोलंदाज आणि कर्णधार या तीनही भूमिका एकाच माणसाकडे होत्या. शिवाय १८ लाख डॉलर किमतीच्या खेळाडूच्या जागी त्याच तोलाचा दुसरा खेळाडू घ्यायचा कसा, याचे उत्तर स्पर्धेच्या नियमांत नव्हते.

सहारा आणि नियामक मंडळ यांच्यातील वाद

४ फेब्रुवारी २०१२ रोजी बंगळूर येथे खेळाडूंचा लिलाव होता. त्याच दिवशी सकाळी सहारा समूहाने दोन घोषणा केल्या : भारतीय संघाचे २००१ पासून चालत आलेले प्रायोजकत्व सोडत असल्याची आणि पुण्याच्या संघाच्या मालकीतून बाहेर पडत असल्याची. युवराजच्या किमतीएवढी रक्कम लिलावात वापरू देण्यास मंडळाने दिलेला नकार हे तात्कालिक कारण होते. समूहाचे प्रमुख सुब्रत रॉय यांनी त्यासोबत सामन्यांच्या घटलेल्या संख्येसह इतर जुन्या तक्रारीही मांडल्या. त्या वेळी मंडळाच्या अध्यक्षपदी चेन्नई सुपर किंग्ज या संघाशी कंपनीमार्फत संबंध असलेले एन. श्रीनिवासन होते. त्याच लिलावात रवींद्र जडेजाला २० लाख डॉलर ही त्या दिवसाची सर्वोच्च किंमत देऊन चेन्नईनेच घेतले. पुण्याचा प्रतिनिधी लिलावाला हजर नव्हता. नऊपैकी आठ संघ खेळाडू निवडत असताना नववा संघ अस्तित्वात राहणार की नाही, हेच कोणाला सांगता येत नव्हते.

पुढील बारा दिवस वाटाघाटी चालल्या. १६ फेब्रुवारी रोजी तडजोड होऊन सहारा परत आला. संघशुल्काचा प्रश्न लवादाकडे सोपविण्याचे ठरले आणि लिलावाला मुकलेल्या पुण्याला खेळाडूंशी करार करण्यासाठी जादा मुदत मिळाली. भांडण मिटल्याचे दोन्ही बाजूंनी सांगितले. परंतु मूळ मुद्दा, म्हणजे शुल्क नेमके किती, हा होता तसाच राहिला. तडजोडीने केवळ एका हंगामाची सोय झाली असे म्हणावे लागते.

संघबांधणी

लिलाव हुकल्यामुळे उरलेल्या खेळाडूंतून आणि इतर संघांकडून जे मिळतील त्यांतून संघ उभा करावा लागला. गांगुलीकडे कर्णधारपद आणि मार्गदर्शकपद अशी दोन्ही कामे आली. त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा निरोप नोव्हेंबर २००८ मध्ये नागपूरच्या जामठा मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीनंतर घेतला होता. २०१२ मध्ये तो एकोणचाळीस वर्षांचा होता आणि स्पर्धात्मक क्रिकेट तुरळकच खेळत होता. दक्षिण आफ्रिकेचा माजी जलदगती गोलंदाज अ‍ॅलन डोनाल्ड गोलंदाजीचा प्रशिक्षक होता.

फलंदाजीत रॉबिन उथप्पा, मनीष पांडे, न्यूझीलंडचा जेसी रायडर आणि ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ हे प्रमुख होते. यष्टिरक्षणही उथप्पाच करी. स्मिथची निवड मुळात जखमी मिचेल मार्शच्या जागी झाली होती. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्याच्याकडे भावी महान फलंदाज म्हणून कोणी पाहत नव्हते. वेस्ट इंडीजचा मार्लन सॅम्युअल्स आणि श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज हे अष्टपैलू संघात होते. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मायकेल क्लार्क वेस्ट इंडीजचा दौरा आटोपून हंगामाच्या उत्तरार्धात आला. गोलंदाजीची भिस्त अशोक दिंडा, आशिष नेहरा, वेन पार्नेल, मुरली कार्तिक, राहुल शर्मा आणि उत्तर प्रदेशचा तरुण भुवनेश्वर कुमार यांच्यावर होती.

एका सामन्यात चारच परदेशी खेळाडू खेळविता येतात आणि पुण्याकडे त्या चार जागांसाठी दुप्पट उमेदवार होते. परिणामी अंतिम अकरा खेळाडू वारंवार बदलत राहिले. महाराष्ट्र आणि विदर्भ यांच्या खेळाडूंना मात्र संघात फारसे स्थान नव्हते. २०११ मध्ये विदर्भाचा डावखुरा जलदगती गोलंदाज श्रीकांत वाघ या संघाकडून खेळला होता, एवढाच काय तो अपवाद सहज आठवतो. नावापलीकडे पुण्याचे या संघात काय आहे, हा मराठी प्रेक्षकांचा प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता.

गहुंजे येथील मैदान

हंगामातील एक निर्विवाद चांगली गोष्ट म्हणजे मैदान. मावळ तालुक्यातील गहुंजे गावाजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने उभारलेल्या या मैदानाचा आराखडा ब्रिटनच्या हॉपकिन्स या वास्तुरचना संस्थेचा आहे. १ एप्रिल २०१२ रोजी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष शरद पवार यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नामकरणाचे हक्क सहाराने घेतल्याने मैदानाला सुब्रत रॉय यांचे नाव देण्यात आले. सुमारे ३७ हजार प्रेक्षकांची सोय असलेल्या या मैदानावर ८ एप्रिल रोजी आयपीएलचा पहिला सामना झाला. पुण्यात नेहरू स्टेडियमवर १९९६ च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरविले होते. त्या जुन्या मैदानानंतर शहराला आधुनिक मैदान मिळाले ते हे. या हंगामात पुण्याने येथे आठ सामने खेळले आणि त्यांतले पहिले दोनच जिंकले.

आशादायक प्रारंभ

६ एप्रिल रोजी वानखेडे मैदानावर मुंबई इंडियन्सविरुद्ध पुण्याने ९ बाद १२९ एवढ्याच धावा केल्या. पण मुंबईला ९ बाद १०१ वर रोखून २८ धावांनी विजय मिळविला. दिंडाने १८ धावांत ४ बळी घेतले. मुंबईच्या घरी जाऊन मिळविलेला हा विजय पुणेकरांना विशेष सुखावणारा होता. दोनच दिवसांनी गहुंजेला किंग्ज इलेव्हन पंजाबचा २२ धावांनी पराभव झाला.

१२ एप्रिलला मोहालीत याच पंजाबने उट्टे काढले. दिमित्री मस्करेन्हासने २५ धावांत ५ बळी घेतल्याने पुण्याचा डाव ११५ धावांत आटोपला आणि पंजाब ७ गडी राखून जिंकला. मात्र १४ एप्रिल रोजी गतविजेत्या चेन्नईविरुद्ध पुण्याने १५६ धावांचे लक्ष्य ३ गडी गमावून गाठले. रायडरने नाबाद ७३ आणि स्मिथने नाबाद ४४ धावा केल्या. चार सामन्यांत तीन विजय झाले होते.

१७ एप्रिल रोजी बंगळूर येथे झालेला सामना हंगामाचा रोख बदलणारा मानता येईल. उथप्पाच्या ६९ धावांच्या बळावर पुण्याने १८२ धावा उभारल्या. क्रिस गेलने ८१ धावांच्या खेळीत राहुल शर्माच्या एकाच षटकात सलग पाच षटकार मारले. तरीही शेवटच्या षटकात बंगळूरला २१ धावा हव्या होत्या आणि चेंडू नेहरासारख्या अनुभवी गोलंदाजाच्या हाती होता. एबी डिव्हिलियर्सने मोठे फटके मारून अंतर कमी केले आणि अखेरच्या चेंडूवर तीन धावा हव्या असताना सौरभ तिवारीने षटकार ठोकला. यानंतर १९ एप्रिलला चेन्नईत १३ धावांनी पराभव झाला.

२१ एप्रिल रोजी दिल्लीत संघाने हंगामातील सर्वोत्तम खेळ केला. रायडरच्या ८६ धावांमुळे धावफलकावर ३ बाद १९२ धावा लागल्या. गांगुलीने ४१ धावा काढल्याच, शिवाय आपल्या मंदगती मध्यम गोलंदाजीवर केव्हिन पीटरसनचा त्रिफळा उडविला. पुणे २० धावांनी जिंकले आणि सामनावीराचा मान कर्णधाराला मिळाला. सात सामन्यांतून ८ गुण झाले होते आणि बाद फेरीची भाषा अवास्तव वाटत नव्हती. हा संघाचा त्या हंगामातील शेवटचा विजय होता.

सलग नऊ पराभव

तीनच दिवसांनी, २४ एप्रिलला, तोच दिल्लीचा संघ गहुंजेला आला. मनीष पांडेच्या नाबाद ८० धावांनंतरही पुण्याची मजल १४६ पर्यंतच गेली. हाती आठ गडी शिल्लक असताना धावांचा वेग वाढविला गेला नाही, याची किंमत लगेच चुकवावी लागली : वीरेंद्र सेहवागच्या नाबाद ८७ धावांनी दिल्लीने सामना ८ गडी राखून सहज जिंकला. २० षटकांच्या खेळात गडी वाचविणे हे भूषण नसते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडते.

त्यानंतर डेक्कन चार्जर्सने पुण्याला दोनदा हरविले. हा संघ तोवर तळाशी होता. २६ एप्रिलला गहुंजे येथे कॅमेरून व्हाइटने ७८ धावा केल्या आणि पुणे १८ धावांनी हरले. १ मे रोजी कटकला कुमार संगक्काराच्या ८२ धावांमुळे १३ धावांनी. महाराष्ट्र दिनी तळाच्या संघाकडून पत्करलेली ही हार चाहत्यांच्या जिव्हारी लागली.

३ मे रोजी मुंबई इंडियन्सचा संघ गहुंजेला आला. भुवनेश्वर कुमारने चार षटकांत केवळ ९ धावा देऊन २ बळी घेतले आणि मुंबईला ९ बाद १२० वर रोखले. षटकामागे सहा धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना पुण्याचा डाव ६ बाद ११९ वर संपला. पराभव एका धावेचा होता, आणि हाताशी चार गडी उरलेले होते.

५ मे रोजी ईडन गार्डन्सवरील सामन्याला पुण्याच्या संघापेक्षा गांगुलीच्या व्यक्तित्वाचे वलय अधिक होते. कोलकात्याच्या संघाचा पहिला कर्णधार, त्याच संघाने २०११ मध्ये सोडून दिलेला, आता प्रतिस्पर्ध्यांचा नेता म्हणून आपल्या शहरात परतत होता. 'दादा' हा शब्द मराठीत आणि बंगालीत एकाच अर्थाचा असल्याने पुण्यातही तो परका वाटला नव्हता. पण ईडनवर त्या दिवशी प्रेक्षकांची निष्ठा खरोखर विभागली गेली. गौतम गंभीरच्या ५६ धावांमुळे कोलकात्याने १५० धावा केल्या. गांगुलीने ३६ धावा काढून झुंज दिली; पुण्याचा डाव ८ बाद १४३ पर्यंत पोचला आणि सामना ७ धावांनी गेला.

यापुढे झुंजही उरली नाही. ८ मे रोजी राजस्थान रॉयल्सने शेन वॉटसनच्या नाबाद ९० धावांवर ७ गडी राखून, ११ मे रोजी बंगळूरने ३५ धावांनी, तर १३ मे रोजी जयपूरला राजस्थानने ४५ धावांनी हरविले. जयपूरच्या सामन्यात अजित चंडीलाने रायडर, गांगुली आणि उथप्पा यांना बाद करून हॅट्ट्रिक साधली. १९ मे रोजी गहुंजेला पुढे विजेत्या ठरलेल्या कोलकात्याने ३४ धावांनी विजय मिळवून पुण्याचा हंगाम संपविला.

कामगिरीचे स्वरूप

संघातर्फे सर्वाधिक ४०५ धावा उथप्पाने केल्या. स्मिथच्या खात्यावर ३६२ धावा जमा झाल्या. गांगुलीने १५ सामन्यांत २६८ धावा केल्या. सरासरी अठराच्याही खाली होती आणि शंभर चेंडूंमागे त्याच्या शंभर धावाही होत नव्हत्या. वरच्या क्रमांकावर खेळणाऱ्या फलंदाजासाठी हा वेग अपुरा होता. क्लार्कला सहा सामन्यांत शंभर धावाही गाठता आल्या नाहीत.

या अपयशाचे खापर एकट्या गांगुलीच्या माथी फोडण्याची प्रवृत्ती त्या वेळी दिसली. ती पूर्णपणे न्याय्य नाही. कर्णधार, मार्गदर्शक आणि फलंदाज अशी तिहेरी जबाबदारी असल्यामुळे धावा होत नसतानाही त्याला बाजूला करणे कोणाच्याच हाती नव्हते, हा दोष रचनेचा होता. दुसरीकडे, केवळ दुर्दैव आड आले असे म्हणणेही आकडेवारीशी जुळत नाही. बंगळूरचा अखेरच्या चेंडूवरचा, मुंबईविरुद्धचा एका धावेचा आणि ईडनवरील सात धावांचा असे तीनही पराभव उलटे फिरले असते, तरी पुण्याचे १४ गुण झाले असते. त्या वर्षी चौथ्या क्रमांकाच्या चेन्नईचे गुण १७ होते. लिलावाच्या दिवशी रिकामी राहिलेली खुर्ची आणि युवराजची रिकामी जागा या दोन्हींची उणीव मे महिन्याच्या उन्हात उघडी पडली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

पुढील घडामोडी

३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांकडून गोळा केलेले सुमारे २४ हजार कोटी रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. मालकाच्या आर्थिक अडचणींचे सावट यानंतर संघावर कायम राहिले. गांगुलीने आयपीएलमधून निवृत्ती घेतली. युवराज सप्टेंबर २०१२ मध्ये भारतीय संघात परतला आणि २०१३ मध्ये पुण्याकडूनही खेळला. पण त्या हंगामातही चारच विजय मिळून संघ नऊ संघांत आठवा आला. १९ मे २०१३ रोजी गहुंजेला दिल्लीवर ३८ धावांनी मिळविलेला विजय हा संघाचा अखेरचा सामना ठरला.

संघशुल्क पूर्ण न भरल्यामुळे नियामक मंडळाने सहाराची बँक हमी वटविली आणि २१ मे २०१३ रोजी सहाराने पुन्हा माघारीची घोषणा केली. या वेळी तडजोड झाली नाही. २६ ऑक्टोबर २०१३ रोजी मंडळाने संघाचा करार रद्द केला. तीन हंगामांत ४६ सामने, १२ विजय आणि ३३ पराभव एवढी संघाची एकूण नोंद आहे. थकबाकीच्या कारणावरून मैदानावरील सुब्रत रॉय यांचे नावही महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने काढून टाकले.

२०१२ च्या संघातील अनेकांनी नंतर नाव कमावले. सॅम्युअल्सने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ७८ धावा करून वेस्ट इंडीजला विजेतेपद मिळवून दिले. भुवनेश्वर कुमारने २५ डिसेंबर २०१२ रोजी पाकिस्तानविरुद्ध पदार्पण करताना ९ धावांत ३ बळी घेतले. स्मिथ ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. २०१६ मध्ये पुण्याला रायझिंग पुणे हा दुसरा संघ मिळाला, तोही दोनच वर्षांसाठी. २०१७ मध्ये तो स्मिथच्याच नेतृत्वाखाली अंतिम फेरीत पोचला आणि २१ मे रोजी हैदराबादला मुंबई इंडियन्सकडून एका धावेने हरला.